चाकांवरचे जुने बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण बहुधा थोड्या उपहासानेच वापरतो. ज्याला ठाव नाही, ठिकाण नाही, त्याला उद्देशून ती म्हटली जाते. परंतु हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेणारी सुखवस्तू माणसेही जगात पुष्कळ आहेत; आणि त्यांतही एक निराळा वर्ग असा, की ज्याला नवे कोरे बिऱ्हाड नकोच असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलेले, रंग उडालेले, कोणाच्या तरी शेताच्या कडेला गवतात रुतून बसलेले फिरते घर हुडकून काढावयाचे, ते विकत घ्यावयाचे आणि दोन-तीन वर्षे खपून पुन्हा रस्त्यावर आणावयाचे, हा त्या मंडळींचा छंद होय.

भिलाईच्या परिसरात 'ट्रेलर' हा शब्द कोणास समजावून सांगण्याचे कारण नाही. पोलादाचे पत्रे व तुळया वाहणारी ती लांबलचक वाहने तेथील मुलांच्याही ओळखीची आहेत. ज्या ट्रेलरविषयी येथे लिहावयाचे आहे तो मात्र निराळा. मोटारीच्या मागे जोडून नेण्याची, स्वतःचे इंजिन नसलेली, निजावयास बिछाना, शिजवावयास शेगडी आणि बसावयास बाक असलेली ती एक खोलीच असते. दुर्ग जिल्ह्यातील अहिवाऱ्यासारख्या गावात ती सहसा दृष्टीस पडणार नाही. हा विषय मुख्यत्वे अमेरिकेचा आणि इंग्लंडचा. तथापि या खोलीच्या घडणीतील तीन वस्तू अहिवाऱ्याच्या वाचकाला अगदी घरच्या वाटाव्यात. तिचा सांगाडा पोलादाचा, आणि नंदिनीच्या खाणींतील चुनखडी भिलाईच्या भट्ट्यांपर्यंत कशासाठी जाते हे अहिवाऱ्यास ठाऊकच आहे. तिची कातडी अ‍ॅल्युमिनियमची, आणि तो धातू त्याच राज्यातील कोरबा येथे तयार होतो. तिसरी वस्तू कोणती, ते पुढे ओघाने येईल.

फिरत्या घराची ही कल्पना इंग्लंडात रुजली ती रोमानी लोकांच्या घोड्यांच्या गाड्यांमुळे. हे लोक शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेले असे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान'. त्यांच्या रंगीत गाड्या पाहून ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यवैद्य आणि मुलांचे आवडते लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची गाडी मुद्दाम बांधून घेतली. दोन घोडे जुंपून ते दक्षिण इंग्लंडातील ट्वायफर्डहून स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. केवळ आनंदासाठी बांधलेले हे पहिले फिरते घर मानले जाते, आणि ते आजही जतन केलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एकल्स या कारखान्याने मोटारीमागे ओढण्याची अशी घरे विक्रीसाठी बांधण्यास प्रारंभ केला.

अमेरिकेत या धंद्याला निराळेच वळण लागले. हॉली बोलस हे इंजिनरहित विमाने बांधणारे गृहस्थ. लिंडबर्ग यांनी १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर त्यांची देखरेख होती. त्यांनी १९३४ साली विमानाच्याच पद्धतीने, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून एक ट्रेलर तयार केला. त्यावरूनच वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम' कारखान्याने १९३६ साली 'क्लिपर' हा ट्रेलर काढला. किंमत बाराशे डॉलर. त्या मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सगळे अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे वळले आणि कारखाना बंद ठेवावा लागला. युद्ध संपल्यावर उलट घडले. ओक्लाहोमातील टल्सा येथील 'स्पार्टन' या विमानांच्या कारखान्याने विमाने सोडून ट्रेलर बांधावयास घेतले, आणि त्याचे प्रमुख होते पुढे जगातील अत्यंत धनाढ्यांत गणले गेलेले जे. पॉल गेटी. बायम यांनी तर आपल्या ग्राहकांचे तांडेच काढले. १९५९ साली असा एक तांडा केपटाऊनहून कैरोकडे निघाला. बायम १९६२ साली निवर्तले. परंतु त्यांनी योजिलेला जगप्रवासाचा तांडा १९६३ साली सिंगापूरहून निघून पुढल्या वर्षी लिस्बनला पोहोचला, आणि वाटेत तो भारतातूनही गेला.

या इतिहासाचा खरेदीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. जुने ट्रेलर मुख्यतः दोन जातींचे असतात आणि कोणत्या जातीचा आपण घेत आहोत हे ओळखल्यावाचून पैसे मोजू नयेत. विमानाच्या वळणाच्या ट्रेलरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या फासळ्या आणि त्यांवर रिव्हेटांनी बसविलेला पत्रा, हे दोन्ही मिळून भार सहन करतात. दुसऱ्या जातीत आत लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि बाहेरून नुसता पातळ पत्रा मढविलेला असतो. बाजूने पाहिल्यास डबाबंद मांसाच्या डब्यासारखा आकार दिसतो, म्हणून अमेरिकेत त्यांस 'कॅन्ड हॅम' असे नाव पडले आहे. मागील बाजूस पंख लावलेले 'शास्ता' ट्रेलर याच जातीचे. हे स्वस्त मिळतात आणि दिसावयासही मोठे लडिवाळ असतात. नवखा ग्राहक फसतो तो येथेच.

कारण जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू काळ नव्हे, पाणी. छपराच्या सांध्यातील एका ढिल्या स्क्रूमधून थेंबथेंब आत शिरणारे पाणी पत्र्याला काही करीत नाही, ते आतील लाकडाला खाते. बाहेर पत्रा चकचकीत आणि आत सांगाड्याचा भुगा, अशी अवस्था वीस वर्षे टिकू शकते, कारण तो पत्राच सगळे कसेबसे धरून ठेवतो. असा ट्रेलर घेऊन कुटुंब महामार्गावर निघाले आणि वाऱ्याचा जोराचा झोत आला, तर काय होईल याची कल्पना करावी.

म्हणून पाहावयास जाताना डोळ्यांआधी नाकाचा उपयोग करावा. दार उघडताच कुबट वास आला तर बाकीच्या गोष्टींची घाई करू नये. चारही कोपऱ्यांत, खिडक्यांच्या खाली, छपरातील झरोक्याभोवती आणि दाराच्या उंबऱ्यापाशी अंगठ्याने दाबून पाहावे. भिंत दबली, तर तिच्यामागे लाकूड उरलेले नाही. मालकाची परवानगी असेल तर दाभण टोचावे. निरोगी लाकूड दाभण अडविते, कुजलेले लाकूड ते लोण्यासारखे आत घेते. जमीन तपासताना मागील भिंतीजवळ पाय रोवून उभे राहावे. आतून नुकताच पांढरा रंग दिलेला असेल किंवा नवे तक्ते ठोकलेले असतील, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी त्यांच्याखाली काय झाकले आहे हे विचारावे. शक्य असेल तर पाहणीचा दिवस पावसाचाच निवडावा. विक्रेत्याच्या दहा आश्वासनांपेक्षा एक सर अधिक सांगून जाते.

अ‍ॅल्युमिनियमच्या जातीत लाकूड कमी, म्हणून धोका नाही, असेही समजू नये. तेथे जमीन प्लायवूडचीच असते आणि तिच्या खाली पोलादाची चौकट. पोलाद व अ‍ॅल्युमिनियम एकमेकांस चिकटून राहिले आणि त्यांच्यामध्ये ओल साचली, की दोहोंत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. खालून बंद केलेल्या पत्र्यात साचलेले पाणी तर पोलादालाही खाते. मागील टोकाशी जमीन कुजून कवच चौकटीपासून सुटलेले जुने ट्रेलर पुष्कळ आढळतात. परीक्षा सोपी आहे. मागील बंपरवर सगळा भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने कवचाकडे पाहावे. बंपर खाली गेला आणि कवच जागीच राहिले, तर काम मोठे आहे.

यानंतर कपडे मळण्याची भीती न बाळगता गाडीखाली शिरावे. पुढील दांडी जेथे चौकटीला मिळते तेथे, आणि स्प्रिंगचे पाटे जेथे टांगलेले असतात तेथे, तडे व गंजाचे पापुद्रे शोधावेत. १९६१ नंतरच्या पुष्कळ एअरस्ट्रीम ट्रेलरांना पाटे नाहीत. पोलादी नळीत कोंबलेल्या रबराच्या दांड्या धक्के सोसतात. हे रबर वर्षानुवर्षे एका जागी उभे राहून दगडासारखे कठीण होते. चाकाचा हात रिकाम्या गाडीतही वर वळलेला दिसला तर आस बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा. टायरांवर खाचा शिल्लक आहेत एवढ्यावरून ते चांगले ठरत नाहीत. टायरच्या बाजूस चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. '३२१४' म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. (आपल्या मोटारीच्या टायरवरही हेच आकडे असतात, आज संध्याकाळी अवश्य पाहावे.) सहा-सात वर्षांपलीकडचा टायर उभ्या उभ्याही आतून तडकतो.

आतील जुनी गॅसची शेगडी दिसावयास कितीही सुंदर असली तरी तेथल्या तेथे पेटवून पाहण्याचा मोह आवरावा. जुन्या तांब्याच्या नळ्या, जुना दाबनियंत्रक आणि बंद खोली यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. नळ्यांची परीक्षा जाणकाराने हवेचा दाब देऊन व साबणाचे पाणी लावून करावयाची असते. विजेच्या तारांबाबत तर मत देण्याचेही कारण नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या असतील तर त्या काढूनच टाकाव्यात. जुना रंग खरवडण्याचे कामही मुलांच्या हाती देऊ नये. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली, त्यापूर्वीच्या रंगात ते असण्याचा संभव असतो. सुकी धूळ न उडविता, ओल्या कागदाने घासावे.

आणि कागदपत्रे! दांडीवर कोरलेला क्रमांक मालकीपत्रावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. कागद 'मागाहून पाठवितो' असे सांगणाऱ्याशी गोड बोलून निरोप घ्यावा.

एवढे सगळे पाहून ट्रेलर घेतला, तरी खरा खर्च पुढेच असतो. डागडुजीला खरेदीइतकी, आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक रक्कम लागते. ज्याची तेवढी तयारी नाही त्याने कोणी पूर्ण करून ठेवलेला ट्रेलर घ्यावा, तोच अंती स्वस्त पडतो. आमच्या मते या छंदात पैशांपेक्षा धीराची टंचाई अधिक भासते. उत्साहाच्या भरात दोन दिवसांत सगळे उकलून ठेवलेले आणि पुढे कधीच न जोडलेले ट्रेलर बाजारात वारंवार विकावयास येतात. अशा सुट्या भागांच्या ढिगाला हात न लावणे बरे.

काम उकलण्यापूर्वी प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक फळीवर क्रमांक लिहावा. कुजलेली फळीही फेकू नये, कारण नवी फळी कापण्यासाठी तीच नमुना होते. लाकडी जातीच्या ट्रेलरमध्ये कडांच्या पट्ट्या काढल्या की पत्रा सोलल्यासारखा निघतो, आणि मग सांगाडा उघडा पडतो. तो सगळा एकदम काढू नये, अन्यथा आकारच हरवेल. एक फासळी काढावी, तिच्याजागी नवी बसवावी, मग दुसरी. नव्या तारा आणि उष्णता अडविणारा थर सांगाड्यात बसवून मग पत्रा परत चढवावा. सांध्यांत ब्यूटाइल रबराची मऊ पट्टी घालावी. बाजारात सहज मिळणारे सिलिकोन अनेकांना सोयीचे वाटते, पण ते निघता निघत नाही, त्यावर दुसरे काही चिकटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीचा जीव घेते.

रिव्हेटांचे काम मात्र एकट्याचे नव्हे, आणि या छंदाची खरी गंमत आम्हांस येथेच वाटते. एकाने बाहेरून हवेच्या हातोडीने रिव्हेटाच्या डोक्यावर ठोके द्यावयाचे आणि दुसऱ्याने आतून, त्याच क्षणी, त्याच जागी, पोलादाचा ठोकळा दाबून धरावयाचा. मध्ये पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. ठोकळा तिरपा धरला तर रिव्हेट वाकते, बाहेरच्याने घाई केली तर पत्र्याला पोचा येतो. नवरा-बायको, बाप-लेक, सासू-सून अशा जोड्यांनी आपापसांत खुणेचे टकटक ठरवून शेकडो रिव्हेटे मारावयाची असतात. दिवसभराच्या कामानंतर घरातील बोलणे कसे असते, याचा तर्क वाचकांनीच करावा.

पत्रा आरशासारखा घासावयाचा असेल, तर एक सूचना ध्यानी ठेवावी. या मिश्रधातूच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि गंजापासून रक्षण करणारा तोच. जोराने खरवडणाऱ्या कागदाने तो गेला की परत येत नाही. मऊ कापड, बारीक पॉलिश आणि अनेक रविवार, एवढाच मार्ग.

आता तिसरी वस्तू. त्या काळच्या ट्रेलरांच्या आतील भिंतींना बर्च लाकडाचे प्लायवूड असे आणि त्यावर मधाच्या रंगाचा शेलॅक दिलेला असे. शेलॅक म्हणजे दुसरे काही नव्हे, आपल्या पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे घालतात ती लाख. छत्तीसगड व झारखंडच्या रानांतून ती गोळा होते आणि भारत हा तिच्या उत्पादनातील जगातील अग्रेसर देश आहे. पुष्कळ नवे मालक या मधाळ भिंतींवर सरसकट पांढरा रंग फासतात, म्हणजे छायाचित्रांत खोली मोठी दिसते. ज्याचे त्याचे घर, परंतु आम्हांला हे पाहवत नाही. शेलॅक स्पिरिटात विरघळतो. स्पिरिटाचा बोळा फिरवून नवा हात दिला की जुना व नवा थर एकजीव होतात आणि साठ वर्षांपूर्वीची भिंत पुन्हा उजळते. पांढऱ्या रंगाखालून ती परत मिळविणे फार कष्टाचे.

जुनी वस्तू किती दुर्लक्षित होऊ शकते आणि तरी कशी उभी राहते, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स या तिघांना तेथील जंतू पृथ्वीवर येऊ नयेत म्हणून ज्या बंद खोलीत ठेवले होते, ती एअरस्ट्रीमच्याच कवचाची होती. तशा चार बांधल्या गेल्या. त्यांतील अपोलो १२ च्या अंतराळवीरांची खोली पुढे अलाबामा राज्यातील एका मत्स्यबीज केंद्राच्या आवारात बेवारशासारखी पडून राहिलेली आढळली. ती दुरुस्त करून हंट्सव्हिलच्या अवकाश संग्रहालयात ठेवण्यात आली.

आपले चिरंजीव वा कन्या अमेरिकेत असतील, तर त्यांना या गोष्टी कळविता येतील. येथेही संधी नाहीच असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांस 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, आणि ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. मात्र वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. जुन्या मोटारीवर नवे घर चढविण्यापूर्वी, किंवा तिच्यामागे ट्रेलर जोडण्यापूर्वी, परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी; ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

उरला प्रश्न भार बसविण्याचा. बैलगाडी हाकणाऱ्या वाचकांना तो सांगणे म्हणजे धाडसच. गाडीत माल मागे झाला की ती उलाळ होते, पुढे झाला की धुरजड. उलाळ गाडी बैलांना उचलू पाहते, धुरजड त्यांच्या मानेवर बसते. ट्रेलरचेही तेच. अमेरिकेतील प्रघात असा, की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढील जोडणीच्या गोळ्यावर यावा. उलाळ झालेला ट्रेलर वेगात शेपटासारखा डोलू लागतो आणि अखेर पुढच्या मोटारीलाही फिरवितो. पाण्याची टाकी कोठे आहे हे पाहण्यास म्हणूनच विसरू नये. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि टाकी मागे असेल तर ते सगळे शेपटीत. वजनकाट्यावर एकदा रिकामा आणि एकदा सामान भरून ट्रेलर तोलावा. मोटारीच्या ओढण्याच्या क्षमतेशी तो आकडा ताडून पाहावा आणि ट्रेलरच्या स्वतंत्र ब्रेकांची परीक्षा मोकळ्या मैदानात करावी.

पहिला प्रवास घरापासून लांबचा नसावा. आतील तक्ते बसविण्यापूर्वी रबरी नळीने छपरावर अर्धा तास पाणी सोडून गळती पाहिली असेलच. तरी पहिल्या मुक्कामावर प्रत्येक कोपऱ्याला पुन्हा हात लावून पाहावा. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर थांबावे. चाकाच्या मध्याजवळ तळहात न्यावा. एक चाक इतरांहून फार गरम लागले तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे. नंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत, चाळीस किलोमीटरांवर पुन्हा एकदा, आणि ऐंशीवर आणखी एकदा. मुलांना तोवर पायऱ्यांवर बसून डबा खाऊ द्यावा.